जळगावात चरबीची गाठ काढली, त्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

सरळ सांगतो, डॉक्टरांना ५ पैकी ५, हॉस्पिटलला ५ पैकी ३, म्हणून ४ देतोय. नाव टाकत नाही कारण पुढे दोन-चार उण्या गोष्टी पण लिहिणार आहे, छोटं हॉस्पिटल आहे, उगाच कोणाशी वाद नको. पण चरबीची गाठ घेऊन कुठल्याही सर्जनकडे जाणार असाल तर काय बघायचं आणि काय विचारायचं ते यातून कळेल.

माझी गाठ उजव्या खांद्याच्या मागे, बरोबर फऱ्यावर. कित्येक वर्षं होती, दुखत नव्हती, मी पण लक्ष दिलं नाही. पण चोपड्याकडे आमची कपाशी आणि थोडी केळी आहे, पावसाळ्यात फवारणी मीच करतो, आणि १६ लिटरचा बॅटरी पंप पाठीवर टाकला की त्याचा उजवा पट्टा नेमका त्या गाठीवर यायचा. गाठ आधी लहान होती तोवर चाललं, यंदा मात्र पट्ट्याखाली दाबून लाल व्हायची, संध्याकाळी शर्ट लागला तरी ठणकायची. पट्ट्याखाली टॉवेलची घडी घालून पाहिली, टॉवेल घामाने भिजून सरकायचा आणि अजून घासायचं. म्हणजे मला ती दिसायला वाईट दिसते म्हणून नाही, कामात आडवी येते म्हणून काढायची होती. हे मुद्दाम सांगतोय कारण डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "काढायची का आहे?"

त्याआधी घरात आणि गावात जे चालतं ते सगळं चाललं. माझी माय म्हणे, "दुखस नही, खुपस नही, मंग कसाले चिरफाड करस रे भाऊ? तुना आबाले बी व्हती, जनमभर काही व्हयनं नही." एकाने एरंडेल तेल आणि हळदीचा लेप सांगितला, एकाने कांचनार गुग्गुळ, म्हणजे आयुर्वेदिक गोळ्या. गुग्गुळ घेऊन पाहिला, गाठ जिथल्या तिथे, पोट मात्र बिघडलं. मोबाईलवर तर गाठ विरघळवायचे इतके व्हिडिओ आहेत की बघता बघता रात्र जाते. गावातल्या एकाने चुना आणि सोडा लावून जाळून देतो म्हणून सांगितलं, चामखीळ जाळतात तसं. त्याला हात जोडले. आणि बरं झालं, कारण इथे वेटिंगमध्ये यावलकडच्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांनी दंडावरच्या गाठीवर तेच करून घेतलं होतं. वरची कातडी जळून जखम झालेली आणि गाठ खाली तशीच! चुन्याने कातडी जळते हो, चरबी तर कातडीच्या खाली असते, तिथवर तो चुना पोचेलच कसा.

मग मी आधी दुसरीकडे दाखवलं होतं. कुठे ते सोडा. तिथे शर्ट पुरता काढायला पण लावला नाही, कॉलर मागे ओढून लांबून बघितलं आणि सांगितलं, एमआरआय करा, कॅन्सर नाही असं आत्ताच सांगता येत नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल, ऍडमिट राहावं लागेल, पॅकेज ४५ हजार. हाताने दाबून एकदा सुद्धा बघितलं नाही. कॅन्सर शब्द घरी कळल्यावर काय झालं असेल ते तुम्हीच समजा, बायकोला जेवण जाईना, मायचं तोंड उतरलं, आणि ती चिरफाड नको म्हणणारी तीच आता रोज म्हणायला लागली की जमीन गहाण टाका पण काढा. एखाद्याला खरंच शंका असेल तर सांगायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आधी हात तर लावा!

आता या डॉक्टरांचं. शर्ट काढून स्टुलावर बसवलं आणि नुसत्या बोटांनी बराच वेळ तपासलं. गाठीच्या कडेला बोटाने दाबलं की ती बोटाखालून सटकन निसटायची, ते दोनदा-तीनदा करून बघितलं, आणि माझा हात मागे वळवून मलाच लावायला लावलं, म्हणाले बघा, अशी निसटते ना, चरबीच्या गाठीची ही खूण. मग म्हणाले भिंतीला दोन्ही हात टेकवून जोरात ढकला, भिंत पाडायची आहे असं समजा. मला वाटलं ताकद बघतायत की काय. तर त्याचं कारण असं की मसल टाइट केल्यावर गाठ वरच राहिली, अजून उठून दिसली आणि हलत पण राहिली, म्हणजे ती मसलच्या वर कातडीखालच्या चरबीत आहे. मसलच्या खाली असती तर टाइट केल्यावर दबून गेली असती. एक रुपयाची तपासणी नाही, मशीन नाही, आणि निम्मं उत्तर मिळालं.

काखेत हात घालून तिथे काही गाठी आहेत का ते बघितलं. मग प्रश्न, किती वर्षांपासून आहे, गेल्या काही महिन्यांत भराभर वाढली का, रात्री आपोआप दुखते का, वजन कमी झालं का, शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, घरात कोणाला आहे का. आबांचं सांगितलं. माझ्या दोन्ही हातांवर पण बारक्या बारक्या चार-पाच आहेत, त्या पण दाबून बघितल्या आणि म्हणाले काही घराण्यांत असतात अशा, एकेकाला अनेक येतात, त्यांना हात लावायचा नाही. मी म्हटलं सर एवीतेवी भूल देणारच आहात तर सगळ्याच काढून टाका. तर म्हणाले, "भाऊ, एक काढली म्हणून दुसरी यायची थांबत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी टाक्याचा वण राहणार तो वेगळाच. जी त्रास देते ती काढू." पैसे मिळवायचे असते तर ही सोन्यासारखी संधी होती त्यांना. इथेच मी ठरवलं की याच माणसाकडून काढून घ्यायची.

कॅन्सरबद्दल मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. लायपोमा म्हणजे चरबीच्याच पेशी, एका पातळ आवरणात गोळा झालेल्या, मोठ्या माणसांत कातडीखालच्या गाठींमध्ये ही सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी, चाळीस ते साठ वयात जास्त, आणि साधी चरबीची गाठ पुढे जाऊन कॅन्सर होते असं जवळपास होत नाही. चरबीचा कॅन्सर असतो, लायपोसारकोमा म्हणतात, पण तो बहुतेक वेळा वेगळाच उगवतो आणि फार कमी लोकांना होतो. मग कधी घाबरायचं, तर ५ सेंटीमीटरच्या वर असेल, मसलच्या खाली खोल असेल, टणक असेल, हलत नसेल, भराभर वाढत असेल, किंवा एकदा काढल्यावर परत तिथेच आली असेल. यातलं एक जरी असेल तर आतला फोटो, म्हणजे सोनोग्राफी किंवा एमआरआय, काढल्याशिवाय ते पण हात लावत नाहीत. दुखणं पण बघतात, पण काही चरबीच्या गाठींत रक्ताच्या बारीक नळ्या जास्त असतात त्या साध्या असून दुखतात, आणि माझी तर पट्ट्याने दुखत होती.

माझी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास भरली, म्हणून सोनोग्राफी लिहून दिली. रिपोर्टमध्ये आलं की कातडीखालच्या थरातच आहे, कडा स्पष्ट, आत रक्तपुरवठा जास्त नाही, खाली मसलला चिकटलेली नाही. म्हणाले आता एमआरआयची गरज नाही, सोनोग्राफीत शंका आली असती तर करायला लावला असता. सुई घालून तपासणी करायची का असं मी विचारलं, ते एफएनएसी म्हणतात ते, तर म्हणाले पूर्ण गाठच काढून तपासायला देणार आहोत, आधी सुई कशाला. म्हणजे दुसरीकडे जे आधी एमआरआयवर चाललं होतं ते इथे बोटं आणि साधी सोनोग्राफी यावर निघालं.

माझा मेव्हणा सोबत आला होता, त्याने पण मानेमागची गाठ दाखवून घेतली, फी त्याची वेगळी लागली. त्याची गाठ वेगळीच निघाली. तिच्यावर मधोमध एक काळा ठिपका होता, कातडीला चिकटलेली, मध्ये एकदा पिकून घाण वासाचा पांढरा चोथा निघाला होता. ती चरबीची नाही, कातडीचीच पिशवी आत गेलेली असते, सिस्ट. लोक दोन्हीला चरबीची गाठच म्हणतात पण सिस्ट पिकते, चरबीची गाठ सहसा पिकत नाही. आणि पिकलेली असताना पूर्ण काढत नाहीत, आधी पू काढून सूज बसू देतात आणि मग पिशवीसकट काढतात, पिशवीचा तुकडा राहिला तर परत भरते. म्हणून कृपया गाठ दाबून फोडत बसू नका, मेव्हण्याने तेच केलं होतं आणि चांगलंच ऐकून घेतलं.

ऑपरेशन त्या जागेपुरती भूल देऊन झालं, ऍडमिट नाही, सकाळी गेलो दुपारी मोकळा. पालथं झोपवलं. भूल द्यायच्या आधी पेनाने गाठीची कड आखून घेतली, कारण इंजेक्शनचं पाणी आत गेलं की सगळंच फुगतं आणि गाठ कुठे संपते ते हाताला कळत नाही. भुलीचं इंजेक्शन जळतं, खोटं सांगत नाही, पहिले काही सेकंद दात-ओठ खाल्ले. त्यात रक्त कमी यावं म्हणून ऍड्रेनालिन मिसळलेलं असतं, त्याने छातीत थोडं धडधडतं, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. नंतर दुखणं शून्य, पण ओढल्याचं, दाबल्याचं सगळं कळतं, ते विचित्र वाटतं. कॉटरीने, म्हणजे रक्त थांबवायला विजेवर चटका देणाऱ्या मशीनने, जळका वास येतो. डॉक्टर मला कपाशीचे भाव विचारत होते, मी सांगत होतो आणि ते पाठीत बोट घालून गाठ सोडवत होते!

चिरा गाठीपेक्षा लहान घेतला, कातडीच्या रेषेच्या दिशेने, आणि कडेने बोट फिरवून आवरणासकट पूर्ण बाहेर काढली. ट्रेमध्ये दाखवली मला. पिवळीधम्मक, गुळगुळीत, लोण्याच्या गोळ्यासारखी, वर पातळ चकचकीत पापुद्रा. एवढ्याशा वस्तूने पावसाळाभर जीव खाल्ला होता. पूर्ण निघाली की परत तिथेच येण्याचं प्रमाण फार कमी असतं, आवरणाचा किंवा चरबीचा भाग आत राहिला तर येऊ शकते, म्हणून सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. आतली पोकळी विरघळणाऱ्या टाक्यांनी बंद केली आणि वर नायलॉनचे टाके.

मशीनने चरबी ओढून काढायचं पण विचारलं होतं, लायपोसक्शन. वण लहान राहतो पण आवरण आतच राहू शकतं आणि तपासायला अख्खी गाठ मिळत नाही, म्हणून माझ्या गाठीसाठी नको म्हणाले.

आता बायोप्सी. काउंटरवरच्या मुलाने मला हळूच सांगितलं की साधीच गाठ आहे दादा, बायोप्सीचे पैसे वाचवायचे तर राहू द्या. माझं पण मन झालं होतं. डॉक्टरांच्या कानावर गेलं तर त्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं आणि मला म्हणाले, शरीरातून काढलेली गोष्ट तपासल्याशिवाय फेकायची नाही, डोळ्याला साधी दिसते म्हणून मी लेखी देऊ शकत नाही, लॅब देते. गाठ फॉर्मलीनच्या बरणीत, वर नाव, वय, तारीख, कुठल्या बाजूची ते लिहिलेलं, आणि बरणी आपणच लॅबला नेऊन द्यायची. ही पद्धत मला पटली नाही. पाठीला पट्टी, भर दुपार, मेव्हणा गाडी चालवतोय आणि मी मागे कॅरीबॅगमध्ये माझीच गाठ घेऊन बसलोय, सिग्नलला बाजूच्या माणसाने बरणीकडे बघून विचारलं, काय भो, लोणचं का? लॅबचा माणूस येऊन नेईल एवढी सोय तरी पाहिजे. रिपोर्ट काही दिवसांनी आला, चरबीच्याच पूर्ण वाढलेल्या पेशी, कॅन्सरचं काही चिन्ह नाही. तो रिपोर्ट मायला वाचून दाखवला तेव्हा कुठे ती देवापुढे नारळ फोडायला उठली.

नंतरचं सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. पाठीवरच्या जखमेला घरी स्वतः बघता येत नाही, दुसऱ्याची मदत लागतेच. एसटीने परत येऊ नका, सीटला पाठ टेकते आणि प्रत्येक खड्ड्याला टाक्यांना झटका बसतो, तापीच्या पुलापर्यंतच बोंब होईल तुमची. पट्टी भिजू द्यायची नाही. मी हिवाळ्यात केलं म्हणून घामाचा त्रास नव्हता, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत पाठीची पट्टी कोरडी ठेवणं अवघडच, तब्येतीची घाई नसेल तर थंडी बघून करा. पाठीची कातडी जाड आणि ओढ जास्त, म्हणून तिथले टाके दहा ते चौदा दिवस ठेवतात, चेहऱ्याचे लवकर काढतात. वजन उचलायला, पंप पाठीवर घ्यायला बरेच आठवडे मनाई.

मला टाके काढल्यावर त्याच जागी परत फुगवटा आला. जीवच गेला माझा, म्हटलं आली परत. लगेच गेलो तर ते नुसतं पाणी साचलं होतं, गाठ काढलेल्या पोकळीत कधी कधी साचतं म्हणे. सुईने काढलं, घट्ट पट्टी बांधली, त्याचा एक रुपया घेतला नाही. पण होऊ शकतं हे आधी सांगितलं असतं तर माझी ती एक झोप वाचली असती. डॉक्टरांचं एवढंच उणं.

आता कापलेला स्टार. वेटिंग भयंकर आहे. वेळ अकराची देतात आणि नंबर दोनला लागतो, कारण डॉक्टर मध्येच इमर्जन्सीला जातात, ते समजू शकतो, पण काउंटरवर कोणी सांगत तर नाही ना की साहेब नाहीत, चहा पिऊन या. पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर. कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही, मेव्हणा दार धरून उभा होता. आणि बिल! हॉस्पिटलचं सगळं मिळून १२ हजारच्या आसपास गेलं, सोनोग्राफी आणि बायोप्सी वेगळी, आणि रक्कम माझ्या मते वाजवीच आहे. पण बिल म्हणून एका चिठ्ठीवर एक आकडा लिहून दिला, खाली सही. इन्शुरन्सवाल्यांनी ते बघितलंच नाही. नंतर भांडून खर्चाची फोड असलेलं पक्कं बिल घेतलं, तर ऍडमिट नव्हते म्हणून बसत नाही असं उत्तर आलं. म्हणून पॉलिसी असेल तर आधी फोन करून विचारा की त्या जागेपुरती भूल देऊन केलेलं ऑपरेशन डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर ऍडमिट न राहता केलेल्या उपचारांत, धरता का, आणि पक्कं बिल पहिल्याच दिवशी मागा.

पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला पण सर्जरीची ओपीडी असते, जळगावचं सिव्हिल २०१८ पासून मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेज आहे, तिथे पण सर्जन आहेत. रांग लागेल, पण चुना-सोड्यापेक्षा रांग बरी.

वण साधारण तीन बोटं लांब आहे, आधी जांभळा होता आता फिका पडतोय, मधूनमधून खाजतो. तिथल्या कातडीला अजून थोडी बधिरता आहे, हळूहळू जाईल म्हणाले. पंपाचे पट्टे नवीन टाकलेत, रुंद वाले.

जाणार असाल तर सोमवार टाळा, खेड्यापाड्यातली सगळी गर्दी त्या दिवशी असते. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, शर्ट पुढून बटणाचा घाला, डोक्यातून काढायचा नको, आणि सोबत एक माणूस न्याच, त्या दाराला कडी अजून बसवली नसेल.